दुःख चालतं, पत्ता चालत नाही

एका गाण्यावर लिहितोय. गाणं अमेरिकेतलं, भाषा इंग्रजी, गाणारा मरून ६० वर्षं उलटून गेली. तुम्ही म्हणाल, इथं आपल्या पोरांची शिष्यवृत्ती अडकलीय, वस्तीत धड पाणी येत नाही, आणि ह्याला परमुलखातलं गाणं सुचतंय. सुचतंय खरं. कारण ह्या गाण्यानं मला एका प्रश्नापुढं आणून उभं केलंय आणि तो प्रश्न काही केल्या सोडत नाही.

प्रश्न असा. आपलं लिहिलेलं, गायलेलं जास्त लोकांपर्यंत जावं म्हणून त्यातला एखादा तुकडा काढा असं कुणी म्हणालं, तर काढू द्यावा का?

ऐकायला सोपा आहे. तुमच्यातले निम्मे म्हणतील, अजिबात काढू देऊ नये, तडजोड म्हणजे गद्दारी. उरलेले म्हणतील, लोकांपर्यंत पोचणं महत्त्वाचं, एका कडव्यानं काय बिघडतं. मीही आधी ह्या बाजूला होतो, मग त्या बाजूला. आणि मी ह्यात स्वतः अडकलेला माणूस आहे. ते शेवटी सांगतो. आधी गाणं.

१४ एप्रिलची तयारी चालली होती. रात्री आम्ही सातआठ जण विहारात बसलो होतो. मिरवणुकीत काय वाजवायचं ह्यावर नेहमीचं भांडण. तेवढ्यात एकानं मोबाईलवर हे गाणं लावलं. म्हणाला, काळ्या लोकांच्या चळवळीतलं लई मोठं गाणं आहे, ऐका. नाव 'अ चेंज इज गॉना कम'. म्हणजे बदल येणार आहे. सॅम कुक नावाच्या माणसानं ते लिहिलं आणि त्यानंच गायलं.

गाणं संपलं. आमच्यातला जो मोर्चात सगळ्यांच्या पुढं असतो तो म्हणाला, "हे तर रडगाणं हाय, दादा. व्हायोलिन काय, तुतारी काय. पिच्चरमधी हिरोची आई मरती तवा असलं वाजिवत्यात. ह्यात विद्रोह कुठाय?"

मला उत्तर देता आलं नाही. आवाज मात्र आत शिरला होता. मी सूतगिरणीत रिंग फ्रेमला आहे. त्या आठवड्यात तिसरी पाळी होती. साच्यांच्या आवाजात शेजारचा माणूस कानाशी ओरडला तरी ऐकू येत नाही. पण डोक्यातलं गाणं त्या आवाजातही ऐकू येतं, हा माझा अनुभव. रात्रभर तुटलेले धागे जोडत होतो आणि तो माणूस आत गात होता.

माझं इंग्रजी डिक्शनरीतलं. शाळा दहावीत सुटली. म्हणून सकाळी खोलीवर येऊन गाणं थांबवत थांबवत एकेक शब्द वहीत उतरवला. चार दिवस लागले. मग मित्राच्या मोबाईलवरच्या गाण्याशी ताडून पाहिलं, तर मेळ बसेना. माझ्या वहीत एक कडवं जास्त. मला वाटलं माझंच चुकलं असेल. परत ऐकलं. चूक नव्हती. गाणी दोन होती. एक अख्खं आणि एक कापलेलं. विहारात आम्ही ऐकलं ते कापलेलं.

तिथून मी ह्या गाण्याच्या मागं लागलो. जे सापडलं ते सांगतो.

सॅम कुक १९३१ साली मिसिसिपी राज्यातल्या क्लार्क्सडेल गावी जन्मला. वाढला शिकागोत. बाप चर्चमधला धर्मोपदेशक. पोरगं लहानपणापासून भक्तिगीतं गायचं. १९ - २० व्या वर्षी 'सोल स्टरर्स' ह्या नावाजलेल्या भजनी मंडळाचा मुख्य गायक झाला. मग त्यानं एक मोठं पाऊल टाकलं. चर्चमध्ये देवासाठी लावायचा तो सूर त्यानं साध्या माणसाच्या प्रेमाला लावला. १९५७ साली त्याचं 'यू सेंड मी' अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं. चर्चची माणसं रागावली. पण ह्या वाटेनं जे संगीत पुढं फुललं त्यालाच 'सोल' म्हणतात. सोल म्हणजे आत्मा. आपण बुद्धाची माणसं, आत्मा मानत नाही. पण नावावर जाऊ नका. तो सूर देवाकडून काढून माणसाला दिलेला आहे, आणि हे काम आपल्याला परकं नाही.

कुक पैसेवाला झाला, गोऱ्यांच्यातही गाजला. पण मऊ माणूस म्हणून सोडून देऊ नका. १९६१ साली मेम्फिस शहरात काळ्यांना वेगळं बसवून कार्यक्रम ठेवला होता, तिथं त्यानं गायला नकार दिला. दुसऱ्यांची गाणी काढायला त्यानं स्वतःची कंपनी काढली. आपल्या गाण्याचा मालक आपणच असावं हे त्याला कळलेलं होतं.

१९६३ साल आलं. बॉब डिलन ह्या गोऱ्या पोराचं 'ब्लोइंग इन द विंड' सगळीकडं वाजत होतं. त्यात माणुसकीचे प्रश्न विचारलेले. कुकला ते गाणं फार आवडलं आणि लाजही वाटली. आपल्यावर बेतलेलं आपण गायलं नाही, ते एका गोऱ्या पोरानं गावं? त्याच जूनमध्ये त्याचं दीड वर्षाचं लेकरू घरच्या पोहण्याच्या हौदात बुडून गेलं. आणि ८ ऑक्टोबरला लुइझियाना राज्यातल्या श्रीव्हपोर्ट शहरात तो बायको आणि साथीदारांसह हॉलिडे इन ह्या हॉटेलात उतरायला गेला. खोल्या आधी सांगून ठेवल्या होत्या. दारात काळे चेहरे बघितल्यावर खोल्या संपल्या. कुक भांडला. शेवटी दुसरीकडं गेला, तर तिथं पोलीस येऊन थांबलेले. शांतता भंग केल्याचा गुन्हा लावून आत घेतलं. ज्याचं गाणं देशभर घराघरात वाजत होतं त्याला देहासकट दारातून आत घेतलं जात नव्हतं. सूर चालतो, माणूस चालत नाही. आपल्याला हे कुणी समजावून सांगायला नको.

३० जानेवारी १९६४ ला त्यानं हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. वाद्यमेळाची रचना रेने हॉल ह्यांची. व्हायोलिनं, पितळी वाद्यं, मोठे नगारे, असा सिनेमासारखा थाट. मार्चमध्ये 'एन्ट दॅट गुड न्यूज' ह्या त्याच्या आल्बममध्ये ते बाहेर पडलं, अख्खं. त्याआधी ७ फेब्रुवारीला टेलिव्हिजनवरच्या 'टुनाइट शो' मध्ये त्यानं ते गायलं. त्या कार्यक्रमाची टेप राहिली नाही. दोनच दिवसांनी बीटल्स दुसऱ्या वाहिनीवर आले आणि सगळी अमेरिका त्यांच्याकडं बघत बसली. कुकच्या गाण्याची चर्चा तिथंच विरली. त्याचा मित्र बॉबी वोमॅक ह्याला हे गाणं ऐकून मरणाची आठवण झाली होती. कुकला स्वतःलाही त्याची धास्ती वाटायची असं जवळचे सांगतात. जुलैमध्ये न्यूयॉर्कच्या कोपाकबाना क्लबात गोऱ्या गिऱ्हाइकांपुढं त्यानं जे गायलं त्याची तबकडी निघाली. तिच्यात डिलनचं गाणं आहे. स्वतःचं हे गाणं नाही.

११ डिसेंबर १९६४. लॉस एंजेलिसच्या एका मोटेलमध्ये तिथल्या व्यवस्थापक बाईच्या गोळीनं कुक मेला. वय ३३. आणि ११ दिवसांनी, २२ डिसेंबरला, एका लहान तबकडीवर हे गाणं परत बाहेर आलं.

ही लहान तबकडी म्हणजे सिंगल. दोन बाजू, दोन गाणी. पहिल्या बाजूचं गाणं कंपनीला चालवायचं असतं, दुसऱ्या बाजूला सोबत म्हणून काहीतरी देतात. पहिल्या बाजूला 'शेक' हे नाचायचं गाणं. दुसऱ्या बाजूला हे. आणि रेडिओवर वाजावं म्हणून लहान केलेलं. एक कडवं काढलेलं.

कुठलं कडवं काढलं ते बघा, माझा सगळा लेख ह्याच्यावर उभा आहे.

गाण्यात नदीकाठचा जन्म आहे. तो ठेवला. जगणं जड झालंय आणि मरणाची भीतीही आहे, ते ठेवलं. आपल्याच भावाकडं मदत मागितली आणि त्यानंच परत गुडघ्यावर पाडलं, ते ठेवलं. एक दिवस बदल येईल ही आशा ठेवली. काढलं ते हे : त्या कडव्यात सिनेमाघर आहे, शहरातली बाजारपेठ आहे, आणि काळ्या माणसाला तिथून हटकणारा आवाज आहे. अख्ख्या गाण्यात एवढ्याच ठिकाणी जागेचं नाव येतं. एवढ्याच ठिकाणी दरवान दिसतो. बरोबर तेवढंच गेलं.

दुःख चालतं. पत्ता चालत नाही.

आणखी एक गंमत बघा. गंमत कसली, खुन्नस म्हणा. भावाचं कडवं 'मग' ह्या शब्दानं सुरू होतं. अख्ख्या गाण्यात त्या 'मग' ला अर्थ आहे. आधी सिनेमाच्या दारातून हाकलला गेला, मग तो भावाकडं गेला. मधलं कडवं काढल्यावर तो 'मग' अधांतरी लोंबतो. कशानंतर मग? कळत नाही. दरवानाचा गुन्हा गेला, भावाचा गुन्हा राहिला. आता ऐकणाऱ्याला काय वाटेल? की ह्या लोकांचं दुःख म्हणजे हेच एकमेकाला पाडतात. हे वाक्य आपण कुठं कुठं ऐकलंय ते आठवा.

रिंग फ्रेमवर धागा तुटला की जोडतात. जोड कितीही सफाईनं केला तरी बोटाला लागतो. गाण्यातला तो 'मग' मला असाच बोटाला लागला.

तारखा लावून बघितल्या तर अजून कळतं. २ जुलै १९६४ ला अमेरिकेत नागरी हक्कांचा कायदा झाला. हॉटेलं, खानावळी, सिनेमाघरं ह्यांत रंगावरून कुणाला अडवता येणार नाही, असं त्यात लिहिलं. म्हणजे डिसेंबरात तबकडी निघाली तेव्हा सिनेमाघराचं दार कायद्यानं उघडून पाच महिने झाले होते. कायद्याला जे मान्य झालं ते रेडिओवरच्या गाण्यात मात्र राहिलं नाही. कायदा पुस्तकात लिहिता येतो. तोच अनुभव घरात, मोटारीत, जेवणाच्या टेबलावर कानात गायला लागला की माणसं बेचैन होतात. आपल्याकडं घटनेचं १७ वं कलम आहे. ते छापायला कुणाची हरकत नसते. कुठल्या गावात, कुठल्या दारात हे नाव घेऊन बोललात की सुरुवात होते : कशाला उकरून काढता?

आता स्वागत कसं झालं ते सांगतो. 'बिलबोर्ड' ह्या अमेरिकी नियतकालिकाची दर आठवड्याला गाण्यांची यादी असते. १९६५ च्या सुरुवातीला 'शेक' सर्वांच्या यादीत ७ व्या नंबरापर्यंत चढलं. मागच्या बाजूचं हे गाणं ३१ वर थांबलं. काळ्यांच्या संगीताची यादी वेगळी असायची, तिच्यात ते ९ व्या नंबरावर गेलं. गाण्यांच्या यादीतही गावकुसाबाहेरची वस्ती होती म्हणा. १९४९ पर्यंत तर त्या वेगळ्या यादीच्या नावातच 'रेस' हा शब्द होता, म्हणजे वंश. आपल्या वस्तीत नववा, गावात एकतिसावा.

पण आकड्यांच्या बाहेर गाणं चालत राहिलं. त्याच वर्षी ओटिस रेडिंगनं ते गायलं. १९६७ साली अरीथा फ्रँकलिननं गायलं. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग ह्यांचा खून झाला, तेव्हा रोझा पार्क्स बाई आपल्या आईबरोबर हे गाणं ऐकत बसल्या होत्या. बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या त्याच रोझा पार्क्स. त्या आवाजानं औषधासारखं काम केलं असं त्यांनी पुढं सांगितलं. १९९२ साली स्पाइक ली ह्यांनी माल्कम एक्सवरच्या सिनेमात माल्कम शेवटच्या सभेला निघतो तिथं हे गाणं ठेवलं.

पंडितांचं कौतुक मागनं आलं. 'रोलिंग स्टोन' मासिकानं २००४ साली सर्व काळातल्या ५०० थोर गाण्यांत त्याला १२ वा नंबर दिला. २०२१ साली परत यादी केली तेव्हा ३ रा. २००७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं जपून ठेवायच्या ध्वनिमुद्रणांत ते घेतलं. आणि २०१९ साली श्रीव्हपोर्टच्या महापौरांनी कुकच्या कुटुंबाची माफी मागितली, शहराची मानाची किल्ली मेलेल्या माणसाच्या नावानं दिली. ५५ वर्षं उलटल्यावर. एका खोलीची किल्ली मागितली होती.

मी ह्या कौतुकाला हसत नाही. महापौरांनी माफी मागितली हे चांगलंच झालं. पण एक गोष्ट नोंदवून ठेवतो. मेलेला कवी सगळ्यांच्या सोयीचा असतो. तो हॉटेलात खोली मागायला येत नाही. काढलेलं कडवं परत घाला म्हणून भांडत नाही.

आता आपल्या मित्राच्या प्रश्नाकडं येतो. ह्यात विद्रोह कुठाय? त्या रात्री मला राग आला होता. आता वाटतं, तो चुकला नव्हता. त्याला जे ऐकवलं त्यात पत्ताच नव्हता. पत्ता नसलेलं दुःख रडगाणंच वाटणार. मग आपण म्हणतो, कवी मवाळ आहे. मवाळ कवी नव्हता, कात्री होती. समीक्षा करायच्या आधी आपल्या हातात आलं ते अख्खं आहे का हे बघायला पाहिजे. हे आपल्या चळवळीतल्या टीकाकारांनाही लागू आहे.

पण त्याच्या एका म्हणण्याशी मी भांडणार. व्हायोलिनं का असू नयेत? सुंदर वाद्यमेळ काय गोऱ्यांच्या प्रेमकथांसाठीच राखीव आहे? कुकनं आपल्या लोकांच्या अपमानाला राजासारखे कपडे घातले. आपल्याकडंही म्हणतात, दलित लेखन म्हणजे राकट, शिवराळ, कच्चं. तसं लिहिलं की म्हणतात कला नाही. सुंदर लिहिलं की म्हणतात ह्यात धग नाही. दोन्हीकडनं मार. आणि विद्रोह फक्त मुठी आवळण्यात असतो का? धर्मोपदेशकाचा पोरगा, उभं बालपण देवाची गाणी गायलेला, मेल्यावर वर काय आहे ह्याची मला खात्री नाही असं भर गाण्यात कबूल करतो. स्वर्गाचं आश्वासन नाकारून बदल इथंच, ह्याच जमिनीवर मागतो. हे मला बारीक वाटत नाही.

ह्या प्रश्नाचं आपल्या घरातलं एक उत्तर तुम्हाला माहीत आहे. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. भाषण आधी मागून घेतलं. वाचलं आणि घाबरले. वेदांवरचा, धर्माच्या पायावरचा भाग काढा म्हणाले. म्हणजे तिथंही तेच. जात वाईट आहे हे दुःख चालत होतं. ती कुठं राहते, कुठल्या ग्रंथात, हा पत्ता चालत नव्हता. बाबासाहेबांनी एक अक्षर बदलायला नकार दिला. परिषद रद्द झाली. भाषण झालंच नाही. बाबासाहेबांनी ते स्वतःच्या खर्चानं छापलं, १५०० प्रती. दोन महिन्यांत संपल्या. न झालेलं भाषण आज जगभर वाचतात. ज्या परिषदेत ते व्हायचं होतं तिची आठवण त्या भाषणामुळंच राहिलीय.

पण मित्रांनो, इथं बाबासाहेबांचं नाव घेऊन लेख संपवणं सोपं आहे. तसं केलं तर मी लबाड ठरेन. कारण दुसऱ्या बाजूलाही वजन आहे. एखाद्या वस्तीतल्या माणसानं रेडिओवर ते कापलेलंच गाणं ऐकलं असेल, आणि त्याची ती रात्र निघाली असेल. अर्ध्या गाण्यानं त्याला धीर दिला असेल तर तो धीर खोटा होता असं म्हणायचा मला काय अधिकार? भुकेल्याला अर्धी भाकरी मिळाली तर आपण ती हिसकावून घेत नाही. अर्धी का दिली ते मात्र विचारायला पाहिजे.

आता माझं. लाज वाटते, पण सांगतो.

माझी आई भर पावसात वारली. आमच्या गावात स्मशानभूमी दोन. गावाच्या स्मशानभूमीला शेड आहे, आमची ओढ्याकाठी उघडी. पाऊस थांबेना. चुलता गावातल्या चार लोकांकडं जाऊन आला, शेडमध्ये नेऊ द्या म्हणून. उत्तर काय मिळालं ते तुम्हाला सांगायला नको. शेवटी चुलत्यानं आणि भावकीतल्या तिघांनी घरावरचे पत्रे काढून आणले आणि चिता पेटून उठेस्तोवर चौघं चार बाजूंनी पत्रे धरून उभे राहिले. हात भाजले.

ह्याच्यावर मी कविता केली. चार कडवी. आईचे हात, आईचा विळा, आईचा ताप, आणि शेवटचं पत्र्यांचं. एका नावाजलेल्या दिवाळी अंकाला पाठवली. संपादकांचा फोन आला. आवाज प्रेमळ. म्हणाले, "कविता फार हृद्य आहे. फक्त शेवटच्या कडव्यानं ती बातमी होते. आईपाशीच थांबू या का?" मी म्हणालो, "काढा सर." एवढंच. दोन शब्द. अंकात नाव येणार होतं.

कविता आली. लोकांनी फोन केले. आईवरची सुंदर कविता म्हणाले. गावी गेलो तेव्हा अंक चुलत्याला वाचून दाखवला. तो मन लावून ऐकत होता. संपल्यावर गप्प बसला. मग म्हणाला, "चांगलं हाय रं. पण लेका, आम्ही पत्रं धरल्यालं कुठाय ह्यात?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. मला वाटलं होतं मी चार ओळी दिल्या. मी चार माणसांचे भाजलेले हात देऊन टाकले होते. ते माझे नव्हतेच.

तेव्हापासून हा प्रश्न. कुकच्या गाण्यानं मला त्याचं उत्तर शोधायला लावलं. माझं उत्तर पूर्ण नाही, पण आजपुरतं असं आहे.

एक. कुणी कापायला सांगितलं की किती कापताय हे विचारायच्या आधी काय कापताय ते बघा. शब्द जास्त झालेत, ओळ सैल आहे, म्हणून कापत असतील तर द्या. त्यात अपमान नाही. चांगला जॉबरही आपल्या कामातली चूक दाखवतो. पण ज्या ओळीत दार आहे, दरवान आहे, गावाचं नाव आहे, नेमकी तीच ओळ जड वाटत असेल, तर ती कलेची कात्री नाही.

दोन. अख्खं आधी कुठंतरी उभं पाहिजे. कुकचं कडवं आज आपल्याला मिळतं कारण मार्च १९६४ च्या आल्बममध्ये ते अख्खं होतं. मग डिसेंबरात कापलं तरी मरू शकलं नाही. बाबासाहेबांचं भाषण मिळतं कारण त्यांनी ते स्वतः छापलं. ज्याचं अख्खं कुठंच नाही त्यानं कापू देऊ नये. माझा गुन्हा हा होता. माझ्या कवितेचं अख्खं रूप माझ्या वहीशिवाय कुठं नव्हतं.

तीन. हे ऐकणाऱ्यांसाठी, म्हणजे तुमच्यासाठी. गाण्याला नंबर देणं ही समीक्षा नव्हे. १२ वा की ३ रा ह्यानं कुणाचं पोट भरत नाही. कुठं धागा तुटलाय ते शोधायचं आणि काढलेलं परत जोडायचं, ही समीक्षा. 'मग' हा शब्द लोंबताना दिसला की विचारायचं, कशानंतर मग?

अमेरिकेचं गाणं आपल्याला कशाला, असं अजून कुणाला वाटत असेल तर एवढंच सांगतो. १९४६ साली बाबासाहेबांनी काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस ह्यांना पत्र लिहिलं होतं आणि दु बॉइस ह्यांनी उत्तर दिलं होतं. १९७२ साली आपल्या पोरांनी 'ब्लॅक पँथर' वरून 'दलित पँथर' हे नाव घेतलं. त्यांचं दुःख आणि आपलं दुःख एक नाही. रंग आणि जात एक नाही. पण दोघांच्या गाण्यांवर चालणारी कात्री एकाच ठिकाणी चालते, हे मी आता पुराव्यानिशी सांगू शकतो.

येत्या १४ एप्रिलला मिरवणुकीत हे गाणं वाजवा असं मी म्हणत नाही. मिरवणुकीत नाचायचंच असतं. कुकच्या तबकडीलाही एक बाजू नाचायची होतीच. पण मिरवणूक संपल्यावर रात्री विहारात बसून एकदा ऐकू. अख्खं. मोर्चातल्या त्या मित्राला शेजारी बसवणार आहे. मग त्यानं काय ते म्हणावं.

आणि माझी कविता ह्याच अंकात शेवटच्या पानावर आहे. चारही कडव्यांची. स्टेन्सिल मीच कापलं. हस्ताक्षर खराब आहे, शाई कुठं फुटलीय, सांभाळून घ्या. एक प्रत गावी नेणार आहे. चुलत्याला वाचता येत नाही. मी वाचून दाखवीन, आणि पत्र्यांचं कडवं आलं की जरा हळू वाचीन.

जयभीम.